बरे होणे ही काय हलकी गोष्ट आहे?



एखाद्या माणसाला शिकारीत गोळी लागावी, त्यात त्याचा एक कान कायमचा जावा, दुखण्यातून उठल्यावर त्याने त्या दुखण्याची हकीकत पाच तंतुवाद्यांसाठी लिहून काढावी, आणि पुढे दीडशे-दोनशे वर्षांनी सुशिक्षित मंडळींनी तिला 'गंमत' म्हणावे, हे आम्हांस पटत नाही. म्हणून हा लेख.

हकीकत अशी. आमच्या गावातील एक संगीतप्रेमी मंडळ दर हिवाळ्यात चेंबर म्युझिकच्या बैठकी भरवते. निवृत्तीनंतर आम्ही तेथे नेमाने जातो. आयुष्यभर रात्रपाळ्या केलेल्या माणसाला संध्याकाळी स्वस्थ बसून काही ऐकायला मिळणे ही केवढी चैन आहे ते ज्यांनी रात्रपाळ्या केल्या त्यांनाच कळेल. असो. मंडळाने सभासदांकडून सूचना मागवल्या, तेव्हा आम्ही जॉर्ज ऑन्स्लो या फ्रेंच संगीतकाराच्या क्विंटेटचे नाव दिले. ऑपस 38, सी मायनर, 'गोळीचे क्विंटेट' या टोपणनावाने ओळखले जाणारे. उत्तर तोंडी आले, पण चौघांच्या देखत आले. ही एक गंमतीची रचना आहे, एका श्रीमंत हौशी माणसाने लिहिलेली आहे, तिच्यात दुखण्याचे वर्णन करून श्रोत्यांना हसवण्याचा प्रकार आहे, आणि आजारातून बरे होण्याबद्दल जे सांगायचे ते बेथोव्हेनने सांगून ठेवलेच आहे. शिवाय 'नर्सबाईंना हा विषय जवळचा वाटणे साहजिक आहे' असा एक शेराही त्याला जोडण्यात आला. पुढचे सर्व वाद बाजूला ठेवून आधी या शेऱ्याचेच उत्तर देणे बरे.

होय, आम्ही नर्स होतो. मराठी शाळेत शिकलो, मुंबईत प्रशिक्षण घेतले, इथे येऊन हिब्रूत रिपोर्ट लिहायला शिकलो आणि वॉर्डातच म्हातारे झालो. संगीताचे शास्त्र आम्हांला येत नाही. पण दुखणे, ताप, वात, उतार आणि बरे होणे या पाच गोष्टी या मंडळाच्या समितीपेक्षा आम्ही जास्त पाहिल्या आहेत. मासळीच्या चित्रावर मत देताना कोळणीला बाहेर बसवावे, असा काही नियम आहे काय? आणि आमच्या धंद्याचा व तंतुवाद्यांचा संबंध आजचा नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 साली परिचर्येवर लिहिलेल्या पुस्तकात रोग्यावर संगीताचा काय परिणाम होतो याचा विचार केला आहे. ज्या वाद्यांचा स्वर सलग टिकतो अशी फुंकीची व तंतूंची वाद्ये, आणि मनुष्याचा गळा, रोग्याला बहुधा मानवतात. पियानोसारखी तुटक स्वराची वाद्ये उलट त्रास देतात, असे त्यांचे निरीक्षण आहे. पियानोवाल्यांनी रागावू नये. सांगण्याचा मुद्दा एवढाच की खाटेशेजारी उभ्या राहणाऱ्या बाईने तंतुवाद्यांबद्दल बोलणे हे काही नवे धारिष्ट्य नव्हे.

आता हा ऑन्स्लो कोण? ज्यांनी त्याचे नाव ऐकलेले नाही त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण ते नाव त्यांच्यापर्यंत पोहोचूच दिलेले नाही. जन्म 1784, गाव क्लेर्मों-फेराँ, प्रांत ओव्हेर्न्य, म्हणजे फ्रान्सचा मधला डोंगराळ मुलूख. बाप इंग्रज उमरावाचा धाकटा मुलगा. काही लफड्यावरून इंग्लंड सोडून फ्रान्सात येऊन राहिलेला. आई फ्रेंच. मुलाला पियानो शिकवला, तो स्वतः चेलो वाजवू लागला, आणि 1808 साली पॅरिसला जाऊन आंतोन राइखा या नाणावलेल्या गुरूपाशी रचनाशास्त्र शिकला. त्यानंतर या माणसाने 36 क्वार्टेट आणि 34 क्विंटेट लिहिली. चार सिंफनी आणि काही ऑपेराही आहेत. 1842 साली केरुबिनी वारल्यावर फ्रान्सच्या कलाअकादमीत त्याच्या जागी कोणाला घ्यायचे हा प्रश्न आला, तेव्हा ऑन्स्लोची निवड झाली. त्याच्या रचना पॅरिसप्रमाणेच लाइपझिगमध्येही छापल्या जात होत्या, आणि शूमान व मेंडेल्सझोन यांच्यासारखे जाणते लोक त्याला मान देत होते. 3 ऑक्टोबर 1853 रोजी तो आपल्या गावीच वारला. थोडे दिवस लोटले आणि त्याचे नाव पुसले गेले.

आता 1829 सालचा प्रसंग. निव्हेर्ने भागात रानडुकराच्या शिकारीला काही मंडळी गेली होती. (रानडुकराच्या शिकारीत आमच्या वाचकांना गोडी असण्याचे कारण नाही, पण फ्रान्समधील जमीनदार वर्गात ती मानाची करमणूक होती.) ऑन्स्लोचे लक्ष शिकारीत नव्हते. त्याला काही सुचले, ते टिपून घेण्यासाठी तो बाजूला झाला आणि नेमका बंदुकीच्या माऱ्यात आला. गोळी चेहऱ्याला लागली. जीव वाचला, पण एक कान गेला.

ही गोष्ट जेव्हा जेव्हा आम्ही ऐकतो, तेव्हा ती सांगणारा हसत असतो. संगीतकार इतका तल्लीन झाला की डुकराऐवजी त्यालाच गोळी लागली, हो हो हो! बैठकीच्या पत्रकांतही ही गोष्ट चटणीसारखी वाढलेली असते. आमचा प्रश्न असा आहे की चेहऱ्यात गोळी घुसलेला माणूस यांच्यापैकी कोणी पाहिला आहे काय? हाड फुटलेले असते. जबडा सुजतो, गिळता येत नाही, पाणी चमच्याने थेंब थेंब पाजावे लागते. घशात रक्त उतरून श्वास कोंडेल या भीतीने रात्रभर कुशीवर धरून ठेवावे लागते. हे सगळे आम्ही लढायांच्या दिवसांत केलेले आहे, तेही भूल, सलाइन, एक्स-रे आणि प्रतिजैविके हाताशी असताना.

1829 साली यांतले काय होते? काहीही नव्हते. इथरची भूल जगापुढे आली 1846 साली. जखम निर्जंतुक ठेवण्याची लिस्टरची पद्धत 1867 ची. गोळी नेमकी कुठे रुतली आहे हे दाखवणारे क्ष-किरण 1895 चे, आणि पेनिसिलिन 1928 चे. त्या काळच्या फ्रान्समध्ये तापावर मुख्य उपाय म्हणजे रक्त काढणे आणि जळवा लावणे. 1833 या एका सालात फ्रान्सने परदेशातून चार कोटींहून जास्त जळवा आयात केल्याची नोंद आहे. यावरून त्या काळचा रोगी काय सोसत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. गोळीबरोबर कपड्याची चिंधी, दारूची राख आणि माती आत जात असे, जखम चिघळत असे, आणि मग ताप चढत असे. त्या तापातून उठणारा माणूस नशीबवान.

आणखी एक गोष्ट. रोज ताप मोजून तो कागदावर आलेखासारखा मांडण्याची शिस्त वैद्यकात रुजली ती जर्मन वैद्य वुंडरलिश यांच्या 1868 सालच्या ग्रंथानंतर. आम्ही शिकाऊ असताना सिस्टर आमच्याकडून टी.पी.आर. चार्ट इतका नीट भरून घेत की शाईचा ठिपका जरा सरकला तरी पुन्हा भरायला लावत. ऑन्स्लोच्या उशाशी असला तक्ता नव्हता; वैद्याचा हात कपाळावर आणि बोटे नाडीवर, बस्स. त्याच्या दुखण्याचा क्रम रोग्याच्या बाजूने कोठे उतरलेला असेल तर तो या क्विंटेटमध्ये. म्हणून ते गंमत म्हणून ऐकायला आम्ही तयार नाही.

आता रचनेकडे वळू. दोन व्हायोलिन, एक व्हियोला आणि दोन चेलो. भाग चार. पहिल्या भागाला मथळा नाही. दुसरा भाग मिन्युएट, म्हणजे तीन मात्रांच्या जुन्या दरबारी नाचाच्या घाटाचा. त्यावर लिहिले आहे 'वेदना'. मिन्युएटच्या पोटात जो मधला तुकडा असतो, ज्याला ट्रिओ म्हणतात, त्यावर लिहिले आहे 'ताप आणि वात'. तिसरा भाग संथ, त्याचा मथळा दुखण्यातून उठणे. चौथा भाग जलद, बरे होणे.

हे मथळे वाचून समितीने ठरवले की ही वर्णनाची रचना आहे. मथळे वाचले, पण ते कुठे ठेवले आहेत ते पाहिले नाही. आमच्या मते सगळा अर्थ त्या जागांमध्ये आहे. एक तर पाहा, गोळीचे क्विंटेट म्हणून जग जिला ओळखते त्या रचनेत गोळीला मथळाच नाही! धडाका, धूर, किंकाळी, ज्यावर एखाद्या हलक्या लेखणीने तीन पाने खर्च केली असती, त्याला या माणसाने नाव देण्याचे टाळले. पहिला भाग नाव न देता सोडला. निरोगी माणसाला आपल्या प्रकृतीचे नाव माहीत नसते, असे आम्ही त्यावरून समजतो. नाव पडते ते दुखायला लागल्यावर.

दुसरे, वेदना त्याने संथ भागात घातली नाही. कोणीही घातली असती. युरोपियन रचनेत संथ भाग म्हणजे रडण्याची, आळवण्याची, खोल जाण्याची जागा. ती वेदनेला द्यायची हा सोपा मार्ग होता. त्याने वेदनेला मिन्युएट दिला, तोही अतिजलद लयीत. आम्हांला हे ऐकताक्षणी ओळखीचे वाटले. तीव्र वेदना संथ नसते, बाबांनो. वेदना म्हणजे हुंदके नव्हेत. वेदना ठोके धरून येते, पुन्हा येते, त्याच जागी येते आणि माणसाला श्वास घ्यायला उसंत देत नाही. ज्याला नाच म्हणून शिकवले होते त्या तीन मात्रा शरीराच्या आत ठणकू लागतात.

तिसरे, ताप आणि वात ट्रिओमध्ये. ट्रिओ म्हणजे रिवाजाने विसाव्याची जागा. आणि रिवाजच असा आहे की ट्रिओ संपला की मिन्युएट परत यायचा. म्हणजे काय होते? वाताच्या भरात रोगी दुखणे विसरलेला असतो, छपराकडे पाहून बडबडत असतो, मेलेल्या आईशी बोलत असतो. वात उतरला, शुद्ध आली, की दुखणे आपल्या जागी हजर. नातेवाईक आनंदाने म्हणतात, सिस्टर, त्याने मला ओळखले! आणि रोगी कण्हतो, कारण शुद्धीवर आल्याबरोबर त्याला पुन्हा दुखू लागलेले असते. हा क्रम आम्ही शेकडो रात्री पाहिला आहे. ऑन्स्लोला तो जुन्या नाचाच्या घाटात सापडला. याला दुखण्याची नक्कल म्हणतात की दुखण्याची समज?

वर्णनाच्या संगीताला इतकी नाके मुरडायची असतील तर मग इतरांनाही बाहेर काढा. फ्रान्समध्येच माराँ मारे या व्हिओल वाजवणाऱ्या थोर कलावंताने 1725 च्या आपल्या पुस्तकात मूतखड्याच्या शस्त्रक्रियेवर एक तुकडा छापला आहे. टेबल पाहून रोग्याला सुटलेला थरकाप, हातपाय बांधणे, चिरणे, रक्त वाहणे, खाटेवर नेऊन निजवणे, सगळे टप्पे स्वरांखाली लिहिलेले आहेत, आणि त्यानंतर उठून हिंडूफिरू लागल्याचाही तुकडा आहे. चेक संगीतकार स्मेताना 1874 साली पूर्ण बहिरा झाला; 1876 च्या क्वार्टेटच्या अखेरीस त्याने व्हायोलिनचा एक उंच कर्कश स्वर ताणून धरला आहे. बहिरेपणाच्या आरंभी त्याच्या कानांत जी शिटी वाजली तीच ती. त्याला कोणी गंमत म्हणत नाही. लोक डोळे मिटून ऐकतात, आणि ऐकावेच. फरक इतकाच की स्मेतानाचा शेवट दुःखाचा आहे आणि ऑन्स्लो बरा होतो.

आणि इथेच आमचे खरे भांडण आहे. रसिक म्हणवणाऱ्यांना रोग आवडतो, मरण आवडते. बरे होणे आवडत नाही. शूबर्टच्या 1824 च्या क्वार्टेटमध्ये मृत्यू आणि कुमारिका आली की सभागृह भरते. क्षयाने झिजणारी नायिका ऑपेरात खोकत खोकत उंच स्वर लावते आणि बायका रुमाल काढतात. पण कोणी उठून बसला, पेज प्यायला, भिंतीला धरून चार पावले चालला, की लोकांना त्यात कला दिसेनाशी होते. बरे होणे म्हणजे जणू काही घडलेच नाही.

वॉर्डातही तेच पाहिले. रोगी अत्यवस्थ असतो तेव्हा खाटेभोवती गर्दी. मोठे डॉक्टर दिवसातून तीनदा येतात, व्हरांड्यात नातेवाईक रात्र काढतात, घरचा डबा येतो. मग धोका टळतो. तिसऱ्या दिवशी राउंड खाटेपाशी न थांबता पुढे जाते. नातेवाईकांना कामधंदे आठवतात. आणि त्याच दिवसापासून रोग्याचे खरे अवघड दिवस सुरू होतात. हात उचलत नाही. तोंडाला चव नाही. उगाच रडू येते. पंचावन्न वर्षांचा, लष्करात अंमलदार म्हणून वावरलेला माणूस बटण लागत नाही म्हणून रडताना आम्ही पाहिला आहे. झोपेत दचकतो. उलटण्याची भीती मनातून जात नाही. त्याला अंघोळ घालणे, कुशी बदलणे, आज दोन पावले, उद्या चार, हे सगळे काम नर्सचे, आणि त्याची नोंद कोणत्याही मोठ्या पुस्तकात होत नाही. आमच्या मराठीत याला 'दुखण्यातून उठणे' म्हणतात. नीट ऐका, 'उठणे'. आपोआप होणारी गोष्ट नव्हे ती. हातपाय मारून करायची क्रिया आहे.

तर ऑन्स्लोने आपला संथ भाग, रचनेतील सर्वांत मानाची जागा, या उठण्याला दिली. वेदनेला नाही, तापाला नाही, मरणाच्या भयाला नाही. अशक्तपणाला दिली. ही निवड करणाऱ्या माणसाला उथळ म्हणणाऱ्यांनी आधी आपला संथ भाग कशाला दिला असता ते सांगावे.

यावर मंडळाचा बेथोव्हेन पुढे येतो. बेथोव्हेन 1825 च्या वसंतात पोटाच्या विकाराने अंथरुणावर होता. उठल्यावर ऑपस 132 या क्वार्टेटमध्ये त्याने एक दीर्घ संथ भाग लिहिला आणि बऱ्या झालेल्या माणसाने देवापुढे गायिलेले आभाराचे पवित्र गीत अशा अर्थाचा मथळा त्यावर घातला. मध्ये मध्ये 'नवी शक्ती जाणवते' असेही लिहिले आहे. (म्हणजे मथळे बेथोव्हेनही घालत होता, हे वर्णनवाल्यांनी टिपून ठेवावे.) या भागापुढे आम्ही हात जोडतो. ऑन्स्लो त्याच्या तोडीचा आहे असे आम्ही म्हटले नाही आणि म्हणणार नाही. परंतु दोघे एकच गोष्ट सांगत आहेत हे आम्हांला मान्य नाही. बेथोव्हेन देवाशी बोलतो. त्याच्या त्या भागात जुन्या काळच्या धर्मगीतांचा सूर आहे, तो सूर या खोलीतला वाटत नाही. ऑन्स्लो खोलीतच आहे. त्याला खिडकी दिसते, उशी दिसते, आज पलंगाच्या कडेवर बसता आले एवढे समजते. बरे झालेल्या माणसाला दोन्हींची गरज लागते. प्रार्थना म्हणतो म्हणून कोणी फिजिओथेरपी बंद करत नाही.

शिवाय ऑन्स्लोने बेथोव्हेनची उसनवारी केली असे सुचवणाऱ्यांनी एवढे वाचावे की बेथोव्हेनची अखेरची क्वार्टेटे त्याला रुचली नव्हती. ती त्याला विक्षिप्त वाटत असे तो बोलल्याचे नमूद आहे. या बाबतीत त्याची आवड तोकडी होती असे आम्हीही म्हणू. पण मग नक्कल कशाची केली म्हणायची?

आता श्रीमंतीचा आरोप. तो जमीनदार होता, पोटासाठी त्याला शिकवण्या कराव्या लागल्या नाहीत, हे खरे. त्यामुळे त्याच्या नावाभोवती भुकेची, कर्जाची, थंड माडीवरच्या खोलीची कथा तयार झाली नाही, आणि कथेवाचून आजच्या श्रोत्याला संगीत गोड लागत नाही. पण श्रीमंताची जखम कमी दुखते असा अनुभव आम्हांला तरी आलेला नाही. खासगी खोलीतला रोगी आणि मोठ्या वॉर्डातला रोगी रात्री दोन वाजता सारखेच कण्हतात. आणि एका कानाने बहिरे होणे म्हणजे केवळ निम्मे ऐकू येणे नव्हे, हेही समितीला सांगितले पाहिजे. दोन कान असले की आवाज कोणत्या बाजूने आला ते कळते. एक गेला की दिशा हरवते. चार माणसे एकदम बोलू लागली की शब्द वेगळे काढता येत नाहीत. आता विचार करा, ज्याचे सारे आयुष्य चार-पाच वाद्ये एकत्र बसवून त्यांतला प्रत्येक सूर वेगळा ऐकण्यात गेले, त्याच्या बाबतीत हे घडले. त्यानंतर तो चोवीस वर्षे जगला आणि लिहीत राहिला. त्याचा ऑपेरा 'ल द्युक द गीझ' 1837 चा आहे, अकादमीतील निवड 1842 ची. हौशी माणसे इतकी हौस सांभाळतात काय?

'दुसऱ्या दर्जाचा' हा शब्दही आम्हांला फार ऐकवण्यात आला. दर्जा ठरतो कसा ते पाहण्यासारखे आहे. दोन चेलोंचे क्विंटेट म्हटले की आज सर्वांच्या तोंडी शूबर्टचे नाव येते, आणि ते यावेच. पण शूबर्टने ते 1828 साली, मरणापूर्वी काही आठवडे लिहिले. प्रकाशकाने घेतले नाही. जाहीर बैठकीत ते वाजले 1850 साली आणि छापून निघाले 1853 साली, म्हणजे ऑन्स्लो ज्या वर्षी वारला त्या वर्षी. मधली वीस-पंचवीस वर्षे अशा क्विंटेटसाठी युरोपातील घराघरांतून जो माणूस वाजवला जात होता तो ऑन्स्लो. त्या काळच्या समित्यांनीही 'लोकांना परिचित तेच देऊ' असे म्हटले असते तर शूबर्ट आजही पेटीत पडून राहिला असता. परिचयाला गुणवत्ता समजण्याची ही खोड जुनी आहे. तेव्हा तिने शूबर्टला मारले, आज ती ऑन्स्लोला मारते, आणि दोन्ही वेळा बळी न गेलेले लोक म्हणतात की काळाने निवड केली. काळ कशाची निवड करतो? निवड करतात कार्यक्रम ठरवणारी माणसे.

त्याच्या उपेक्षेची खरी कारणे आमच्या समजुतीप्रमाणे फार साधी आहेत. क्वार्टेटचे चौघे कायमचे एकत्र असतात, चौघांच्या हिशेबाने प्रवास करतात. क्विंटेट वाजवायचे तर पाचवा शोधावा लागतो, त्याला मानधन द्यावे लागते, त्याच्यासाठी वेगळ्या तालमी घ्याव्या लागतात. आणि एवढा खर्च करायचा तर तो मोत्झार्ट-शूबर्टसाठी करावा असे व्यवस्थापकाला वाटते. इस्पितळातही आम्ही हे पाहिले आहे: ज्या उपचाराला एक माणूस जास्त लागतो, त्याची गरजच नाही असे हळूहळू ठरत जाते. यात ऑन्स्लोच्या गुणदोषांचा संबंध नाही.

सुदैवाने गेल्या काही दशकांत ध्वनिमुद्रणे निघाली आहेत आणि आम्ही ते क्विंटेट घरी बसून वाटेल तेव्हा ऐकू शकतो. पण दुखण्यातून उठणाऱ्या माणसाला एकट्याने बरे व्हावे लागू नये, तसेच हेही. ते पाच माणसांनी, माणसांसमोर बसून वाजवावे. आमची मंडळाला विनंती नव्हे, मागणी आहे की येत्या हिवाळ्यात ते पूर्ण वाजवले जावे. तापाचा तुकडा तेवढा मासला म्हणून वाजवून श्रोत्यांना घरी पाठवू नये. वात झालेल्या रोग्याला तसाच टाकून कोणी जात नाही. पत्रकात डुकराचा विनोद छापू नये. अपघाताचे साल द्या, कान गेला हे द्या, चार मथळे द्या आणि गप्प बसा.

राहता राहिला पाचव्या माणसाचा प्रश्न. दुसरा चेलो मिळत नाही असे सांगण्यात येते. याचेही उत्तर ऑन्स्लोनेच देऊन ठेवले आहे. लंडनमध्ये त्याचे एक क्विंटेट वाजायचे होते आणि दुसरा चेलोवाला आलाच नाही. डोमेनिको ड्रॅगोनेटी हा डबल बासचा विख्यात वादक तिथे हजर होता. त्याने आपल्या वाद्यावर ती बाजू वाजवावी असे ठरले. ऑन्स्लोने म्हणे आधी हात झाडले, सगळा परिणाम बिघडेल म्हणाला. चार ओळी ऐकल्यावर मात्र इतका खूश झाला की पुढे आपल्या क्विंटेटमध्ये दुसऱ्या चेलोच्या जागी डबल बास चालेल अशी सोय त्याने छापून ठेवली. आमच्या गावच्या तरुण वाद्यवृंदात डबल बास वाजवणारी एक मुलगी आहे. आम्ही तिला विचारून ठेवले आहे. ती तयार आहे.